धुवायचा राहिलेला सिलिंडर

मी पिस्टन बोलतोय. पाचूबंदरच्या पास्कलच्या बोटीतला. लावता पैज? माझी गोष्ट कुठं जाऊन थांबते ते वळखा. भंगारात म्हनाल तर हरलात.

तरनेपनी मी लई द्वाड. रविवारी पास्कल चर्चात मिस्साला जायचा सफेद शर्ट घालून बोटीवर डोकावला की त्याच्या अंगावर काळा धूर सोडायचो. किनाऱ्याजवळ आलो की मुद्दाम बंद पडायचो. पास्कल शिव्या घालत हँडल मारायचा, की मी परत सुरू.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसात बोट वर काढली. गोखिवऱ्याचा श्रीपत मिस्त्री आला. त्यानं मला बाहेर ओढलं, रॉकेलनं न्हाऊ घातलं, उन्हात फिरवून कुठं तडा हाय का बघितलं. सिलिंडर आतून दगडानं घासला. नवी रिंग आत बसवून तिच्या फटीत पातळ पट्टी सरकवली. मग मला आत सोडून बाजूनं पट्टी ओढून बघितली. सैल नाय, घट्ट नाय. माप बरोबर.

आता घासलेल्या दगडाची भुकटी तेवढी आत रायली होती. श्रीपतनं साबनाचं गरम पानी आनलं.

त्या दिवशी बोटींचा सन. तेवढ्यात बोटींना आशीर्वाद द्यायला फादर आले. पास्कलची बायको आग्नेस त्यांना उघड्या इंजिनापाशी घेऊन आली. त्यांनी पवित्र पानी शिंपडलं, नि पुढच्या बोटीकडं गेले.

श्रीपतनं बादली उचलली, तर आग्नेस आडवी.

"श्रीपतदादा, फादरचं पानी साबनानं धुवायचं नाय."

"आग्नेसबाय, भुकटी रायली तर आतून खाईल."

"देवाचं पानी पडल्यावर काय खाते ती?"

श्रीपतनं बादली खाली ठेवली. दुसऱ्याच्या धर्मात बोलायचं कसं? फादरना इचारलं असतं तर ते हसून म्हनले असते, धुवा की. पन इचारायचं कोनाच्या डोक्यात आलं नाय.

पास्कल बायकोच्या तोंडाकडं बघत म्हनला, "राऊ दे श्रीपत. सनाच्या दिवशी घरात भांडन नको."

श्रीपतनं तेल लावलं नि मला बंद केलं.

पयल्याच फेरीला भुकटी मला कातरायला लागली. अंगावर वरखडे उठले. तापलो, फुगलो, सिलिंडरला चिकटलो. खडकांच्या तोंडावर इंजिन बंद. खलाशी हसले, म्हनले, म्हातारं इंजिन परत मस्करी करतंय. पास्कलनं हँडल मारलं. मी जीव तोडून जोर लावला, पन हललो नाय.

भरतीनं बोट खडकाकडं ढकलली. पास्कल बोटीच्या काठावर बसला नि पायानं खडक रेटायला लागला. मागून लाट आली नि बोट खडकावर आपटली.

आता मी गोखिवऱ्याला, श्रीपतच्या फळीवर. कोन घाई करायला लागला की श्रीपत मला त्याच्या हातात देतो, बोटानं वरखडे चाचपायला लावतो. म्हनतो, धुवा रे बाबांनो, दोनदा धुवा. गिऱ्हाईक इचारतं, मिस्त्री, ह्यात नुकसान किती झालं? श्रीपत मान फिरवतो. म्हनून मीच सांगतो.

पास्कलचा उजवा पाय. मांडीपासून.