जांभळीच्या गळ्यातले दावे

मी एक जुने दावे आहे, मित्रांनो. शेळीच्या गळ्यात बांधतात ते. या घडीला मी चुलीपाशी पडले आहे आणि माझ्याजवळ फार वेळ नाही. तेव्हा माझी हकीकत आधी ऐकून घ्या.

नेरजवळच्या एका गावात सदाशिवराव नावाचे म्हातारे शेतकरी होते. त्यांनी शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, अंबाडी कापली, नाल्याच्या पाण्यात कुजवली, तिचे सूत सोलून काढले आणि मांडीवर घासून घासून मला वळले. नुसत्या वळण्यातच त्यांचे चार दिवस गेले. शेवटी त्यांनी माझ्यात एक पितळी घुंगरू ओवले. येणारेजाणारे मला हातात घेऊन म्हणत, "दावं असावं तं असं!" तेव्हा मला फार अभिमान वाटे.

सदाशिवराव गेले. त्यांची सून विमलताई मला जिवापाड जपू लागली. आमच्या भागात एक रीत आहे. जनावर विकले तरी दावे द्यायचे नाही. घेणाऱ्याने आपले दावे आणायचे. दाव्यासोबत घरची लक्ष्मी निघून जाते, असे जुनी माणसे सांगतात. त्यामुळे माझ्या गळामिठीतून सात शेळ्या गेल्या आणि मी मात्र दर वेळी खुंटीवर परत आले.

सातवी होती तांबू. शेवटच्या दिवसांत ती मान सारखी भिंतीला घासायची. तिच्या गळ्यावर, अगदी माझ्याखाली, कोंड्यासारखी खपली धरली होती. विमलताईला वाटले, धूळ असेल. मला मात्र कळले होते. डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे तिच्या कातडीत घर करत होते आणि त्यांतले काही माझ्या पिळांत शिरले होते. पण दाव्याला तोंड कुठे असते?

तांबू विकली गेली. पाचव्याच दिवशी जवळच्या तांड्यावरची रुपीबाई आपली काळीभोर शेळी घेऊन आली. शेळीचे नाव जांभळी. ती गाभण होती. रुपीबाईचे गुडघे दुखत, रानात हिंडणे होत नव्हते, म्हणून तिने जांभळी विमलताईला बटईने दिली. म्हणजे शेळी रुपीबाईची, राखण विमलताईची आणि पिल्ले दोघींत निम्मी.

"माह्यी लेक समजून ठेवजो वं, विमल," रुपीबाई म्हणाली.

"लेकीपेक्षा जास्त ठेवतो. पाह्य, सासऱ्याच्या हातचं दावं बांधतो तिले!"

रुपीबाईनेही रीत पाळली. तिने जांभळीच्या गळ्यातली निळी दोरी सोडली आणि आपल्यासोबत घरी नेली. मित्रांनो, ती दोरी स्वच्छ होती. ती गेली आणि मी बांधले गेले.

पंधरवड्यातच जांभळी खाजवू लागली. मागच्या पायाने मान ओरबाडायची, खुंट्याला घासायची. केस झडले. कातडी जुन्या चपलेसारखी जाड झाली आणि भेगांतून पाणी पाझरू लागले. तिला खरूज झाली होती. तिचे दुःख माझ्याइतके जवळून कोणी पाहिले नाही आणि ते मीच दिलेले होते.

शेजारचे धावजी येऊन बघून गेले. "वयनी, ट्रॅक्टरचं जळलं ऑइल चोपडा. दोन दिवसांत खपली पडते का नाई पाहा!"

विमलताईने चोपडले. जांभळीने ते चाटले आणि दुसऱ्या दिवसापासून चाऱ्याला तोंड लावेना.

विमलताईची नात अर्पिता चौथीत शिकते. जांभळीच्या गळ्यात हात टाकून बसायची तिला सवय. तिच्याही हातांवर पुरळ उठले. ती एकदा जांभळीपुढे उकिडवी बसली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आजी, हे पाह्य ना. जखम गोल हाय. जिथं दावं, तिथंच. बाकी आंग चांगलं हाय."

"चूप बस वं! आबाच्या हातच्या दाव्याले नाव ठेवतं?"

पण दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर रजनीताई आल्या, तेव्हा अर्पिताने तेच त्यांना सांगितले. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. कोमट पाण्याने आणि साबणाने जांभळीच्या अंगावरचे तेल धुऊन काढले, कातडीखाली इंजेक्शन दिले आणि म्हणाल्या, "चौदा दिवसांनी दुसरं देईन. गोठा झाडून चुना मारा, या पोरीला सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि हे दावं आजच जाळा."

विमलताईने मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर तिने मला चुलीपर्यंत नेलेही. पण पिळांवरून बोट फिरवले आणि तिचे डोळे भरले. तिने मला फडक्यात गुंडाळून कडब्याच्या गंजीवर ठेवले. जांभळीला लुगड्याच्या काठाने बांधले.

जखमा सुकू लागल्या. आठव्या दिवशी जांभळीने काठ तोडला आणि ती शेजाऱ्याच्या तुरीत शिरली. तिला ओढून आणताना विमलताईच्या हाताला पहिले सापडले ते मीच. "एका रातीनं काय होते?" असे पुटपुटत तिने मला पुन्हा बांधले. एका रात्रीचे तीन दिवस झाले. मी ओरडू शकत असते तर गाव गोळा केले असते.

खरूज पुन्हा फुटली, तेव्हा कुठे तिने मला सोडून कोपऱ्यात टाकले. दुसरे इंजेक्शन मिळाले, पण जांभळीच्या अंगात त्राण उरले नव्हते. आज सकाळी ती व्याली. पहिले पिल्लू मेलेलेच आले. दुसरे जिवंत आहे, पण अजून उभे राहिलेले नाही.

निरोप मिळताच रुपीबाई काठी टेकत आली. जांभळीचा सोललेला गळा बघून तिने तोंडाला पदर लावला.

"हे काय झालं वं?"

विमलताईने काहीच लपवले नाही. "माह्या दाव्यानं केलं, रुपीबाई. डॉक्टरीनबाई जाळ म्हणे, मी ठेवलं. लक्ष्मी जाईन म्हणून भेली."

"लक्ष्मी?" रुपीबाईचा आवाज चढला. "तुह्या लक्ष्मीनं माह्यी लेक सोलून काढली!"

विमलताई म्हणाली, "हे पिल्लू तुह्यं. बटई नोको मले. जांभळीले अन् त्याले आजच घेऊन जाय."

रुपीबाई गुडघे धरत खाली बसली आणि तिने पिल्लाला मांडीवर घेतले. "कुठं नेऊ? उभं तं राहू दे त्याले. धुडकं आण कोरडं."

कोरडे फडके देऊन विमलताई घरात आली. तिने मला उचलले. घुंगरू सोडून उकळत्या पाण्यात टाकले आणि मला इथे, चुलीच्या तोंडाशी ठेवले. ते घुंगरू आता अर्पिताने जांभळीसाठी वळलेल्या नव्या दोरीत जाईल.

मित्रांनो, मला जाळल्याचे वाईट वाटून घेऊ नका. जुन्या वस्तू जपाव्यात, पण त्यांच्यापायी मुक्या जिवाला त्रास होऊ देऊ नये. प्रत्येक जनावराला त्याचे स्वतःचे दावे द्या. ते उन्हात वाळवा, उकळत्या पाण्यातून काढा. आणि शेळी भिंतीला मान घासू लागली, तर त्याच दिवशी तिच्या दाव्याखाली बघा. आमच्या घरी ते फार उशिरा पाहिले गेले.

विमलताईने फुंकणी उचलली आहे. माझ्या एका टोकाने पेट घेतला. गोठ्यातून अर्पिताची हाक येते आहे, "आजी, लवकर ये! पाय टेकवले त्यानं... दोन... तीन..."

विमलताई फुंकणी टाकून धावली. ती माझ्याकडे वळून पाहत नाही. बरे झाले. लक्ष्मी तिकडेच आहे.