साहेबांचं भाषण पाठ करून घेताना

खासदारसाहेबांना कागद बघून बोलता येत नसे. चष्मा लावला तर म्हातारे दिसत, नाही लावला तर अक्षर दिसत नसे. म्हणून भाषण लिहिणारीनेच ते मोठ्यांदा वाचायचं आणि साहेबांनी खोलीत येरझाऱ्या घालत मागून म्हणायचं, अशी त्या कार्यालयाची रीतच पडली होती.

लिहिणारी म्हणजे ती, एका तान्ह्या मुलीची आई. लेकीला एका छोट्या कारखान्याची दूधपावडर तेवढी पचायची. तीही हल्ली दुकानांतून दिसेनाशी झाली होती, कारण बड्या दूधकंपनीने दुकानदारांना दम भरला होता: त्यांचा माल ठेवाल तर आमचा मिळणार नाही. त्यावरून कंपनीवर मक्तेदारीचा खटला उभा राहिला. तो सरकारने मागे घ्यावा का, यावर उद्या सभागृहात चर्चा होती. खटला चाललाच पाहिजे, असं साहेबांचं भाषण तिने जीव ओतून लिहिलं होतं. शेवटचं वाक्य तर स्वतःच्या स्वयंपाकघरातूनच उचललेलं: "रिकामा डबा खडखडवणाऱ्या लेकराला आपण काय सांगणार?"

आज साहेबांनी तिच्यापुढे दुसरेच कागद सरकवले. "हे वाच."

तिने मनात वाचलं. खटला मागे घ्यावा. कंपनी मोडली तर दुधाचा पुरवठा कोलमडेल. आणि शेवटी तिचंच वाक्य, जसंच्या तसं.

"हे कुणी लिहिलं, साहेब?"

"कंपनीच्या माणसांनी. तुझं वाक्य मात्र मी सोडलं नाही हो. झकास आहे."

"पण यांना नाक घासायला लावतो, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"तेव्हा निवडणुकीचा खर्च कोण उचलणार हे ठरलं नव्हतं." साहेब मोकळेपणाने हसले. "अगं, समोरच्या पक्षालाही त्यांनीच पैसे दिलेत. उद्या आम्ही दोघं एका सुरात बोलणार. लोक म्हणतील, केवढा हा समंजसपणा!"

"माझ्या मुलीचं दूध..."

"एक फोन करतो. कंपनी घरपोच देईल."

"त्यांचं तिला चालत नाही, साहेब. अंगभर पुरळ उठतं."

"होईल गं सवय. वाच बरं. नाहीतर तसं सांग, दुसरं कुणी बघतो."

ती वाचू लागली. एका पगारावर घर चालत नव्हतं, हे साहेबांनाही ठाऊक होतं. साहेब मागून म्हणत गेले. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी भराभरा उरकलं, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "'लेकराला'नंतर जरा थांबा, साहेब."

तिने जीभ चावली. पण साहेब थांबून म्हणाले, आणि वाक्य काळजाला भिडलं. तिचे डोळे भरून आले.

"बघ! तुझी ही गत, तर सभागृहाचं काय होईल!"

घरी नवरा डब्याचा तळ खरवडत होता. "उद्या साहेब बोलू देत," तो म्हणाला, "कंपनीला पळता भुई थोडी होईल बघ."

तिने बाटलीत रोजच्यापेक्षा एक चमचा कमी घातला आणि पाणी तेवढंच ओतलं. लेकीने डबा ओढून घेतला, दोन्ही हातांनी हलवला. आत चमचा वाजला, तशी ती खुदकन हसली आणि आईकडे बघत पुन्हा हलवू लागली.