बाबांचा सेट

त्या घराचा संसार एका इंग्रजी शब्दावर चालला होता. दिवाणखान्यात सोफासेट, कपाटात पाहुण्यांची वाट बघणारा डिनरसेट, सूनबाई केस सेट करायला गेलेल्या, धाकटा परदेशात सेट झालेला. आणि थोरल्याचं तर पालुपदच होतं. नळ गळो की साहेब रुसो, "सेट करून टाकतो!" आईला कोण कौतुक! देवाने पोराच्या हाताला यश दिलंय, असं ती शेजारणींना सांगायची.

आईचे उरलेसुरले दात नुकतेच काढले होते. बोळक्या तोंडाने मऊमऊ गिळून जीव विटला होता. सफरचंदाची फोड एकदा कडकन चावायची, एवढीच आस. म्हणून आज थोरला तिला कवळी करणाऱ्याकडे घेऊन आला होता.

खुर्चीजवळ जाताच थोरल्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत कवळी. गेल्या वर्षी वारलेल्या बाबांची! कडेला पिवळा थर, दोन दातांच्या फटीत वाळलेला कसलासा कण.

"पडूनच होता हा सेट. जरा घासा आणि आईला सेट करून द्या."

कवळीवाल्याने हात मागे घेतला. "अहो साहेब, ही काय छत्री आहे, कुणाचीही कुणीही वापरायला?"

"घरचंच माणूस ना! जन्मभर एका ताटात जेवलेत दोघं."

आईने कवळीकडे पाहिलं. नवऱ्याच्या दुखण्यात हीच कवळी तिने रोज धुतली होती, कधी नाक मुरडलं नव्हतं. दातांची कसली किळस? किळस आली ती पोराच्या तोंडावरच्या हसण्याची. बाजारात घासाघीस जिंकून आल्यासारखा उभा होता मेला.

"चांगली आहे म्हणतोस?"

"एकदम नवीकोरी!"

"मग तुझ्या तोंडात घालून दाखव. बापाचीच आहे."

थोरल्याला उमासाच आला. "आई, काहीतरीच काय!" बोटं पुसायला रुमाल उचलला, तर तोही कवळीचाच. शेवटी विजारीलाच हात घासले त्याने, तेही तीनतीनदा.

"बघ. तुझं तोंड ते तोंड, आणि माझं तोंड उकिरडा होय रे?"

तिने कवळी नीट गुंडाळली, स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसली.

"घे बाळा, माझं माप घे."

"आई, अगं ऐक तर..." थोरला पुढे सरसावला. पण कवळीवाल्याने मापाचा लगदा तिच्या तोंडात दाबला होता, आणि तिने डोळे मिटून घेतले होते.