टॉवेलखालची तिसरी ब्रा

मनोरमाबाईंच्या ब्रा तीन, आणि तिन्ही गच्चीतल्या दोरीवर टॉवेलखाली वाळायच्या. लग्न होऊन इंदूरला आल्यापासून त्यांनी आतल्या कपड्यांवर थेट ऊन पडू दिलं नव्हतं. त्या मंगळवारी टॉवेल उचलला तर खाली दोनच! बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कामवालीवर संशय घ्यावा, तर ती अंगानं बाईंच्या निम्मी. वाऱ्यावर घ्यावा, तर टॉवेल चिमट्यांसकट जागेवर. संध्याकाळी सून प्राची बँकेतून आली, पर्स सोफ्यावर टाकून चहा करायला गेली. पर्सच्या अर्धवट चेनमधून एक पिवळट पट्टा डोकावत होता. त्यावरची सेफ्टी पिन बाईंनीच लावलेली.

मैत्रिणींना दाखवून हसायला नेली असेल, दुसरं काय! बाई आधीच दुखावलेल्या होत्या. वर्षभर डावा खांदा ठणकत होता आणि पेटीचा भाता मारवत नव्हता. तेलं झाली, शेक झाले, डॉक्टर झाले. भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवून गेल्या आठवड्यात त्यांनीच जाहीर केलं होतं, की येत्या गुरुवारचं भजन शेवटचं. नंतर घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून रडल्या. या घरात रडणंही झाकूनच व्हायचं.

बुधवारी प्राची दुपारीच घरी आली.

"आई, पलासियाच्या बाजारात चला ना, थोडं काम आहे."

"कसलं काम?"

"चला तो सही!"

काम निघालं ब्रांच्या दुकानात. आत सगळ्या बायकाच, पण बाईंनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. शिवांगी नावाची विक्रेती प्राचीला बघून ओळखीचं हसली. म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं! सुनेला कमिशन मिळत असेल का, असंही बाईंच्या मनात येऊन गेलं.

ट्रायल रूममध्ये शिवांगी म्हणाली, "आंटीजी, जो पहनी है उसी में हाथ ऊपर कीजिए."

हात वर गेला, तशी पाठीवरची पट्टीही वर चढली.

"देखिए, पट्टी ढीली है. वज़न उसी को उठाना चाहिए. वो नहीं उठाती, इसलिए आप स्ट्रैप कसती हैं, और सारा बोझ कंधे पे."

बाईंनी आरशात बघितलं. दोन्ही खांद्यांवर बोट मावेल एवढी खाच होती. मुलाच्या, सुशांतच्या, जन्मानंतर सासूबाईंनी 'सैलच बरी' म्हणून अडतीस नंबर आणला होता, आणि तोच नंबर पुढे पस्तीस वर्षं चालला. मोजलं कुणीच नाही.

"छत्तीस," टेप लावून शिवांगी म्हणाली, "और कप बड़ा."

"मी सुटलेय नि नंबर कमी? गिऱ्हाईक खूश करायचे धंदे!" बाईंनी टेप हिसकावून स्वतः लावला. छत्तीसच भरले. टेप उलटा करून बघितला, तरी छत्तीसच.

नवी ब्रा घातल्यावर बाईंनी पट्ट्याखाली दोन बोटं सरकवली. सहज गेली. मग त्यांनी हवेतच भाता मारला. एकदा, दोनदा, दहादा. ठणका होता, पण हात थांबला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "तर मग दुकानात दाखवायला ती चोरून कशाला नेलीस? मला विचारायचं होतंस."

"आई, लग्नानंतर चौथ्या दिवशी मी माझी ब्रा उन्हात घातली होती. तुम्ही काही न बोलता ती काढून माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी बाथरूमच्या दारामागेच वाळवते. कैसे पूछती?"

सहा वर्षं झाली होती त्याला. बाईंना मान वर करवेना.

गुरुवारी भजन संपेपर्यंत पेटी थांबली नाही. मंडळातल्या अमिताताईंनी हळूच विचारलं, "पुढच्या गुरुवारी कोण?"

"कोण म्हणजे? मीच!"

शुक्रवारी सकाळी बाईंनी बाथरूमच्या दारामागून प्राचीच्या दोन दमट ब्रा काढल्या, गच्चीत नेल्या आणि आपल्या नवीच्या शेजारी भर उन्हात चिमटे लावून टाकल्या.

खालून सुशांत ओरडला, "आई, टॉवेल कुठाय?"

"पलीकडच्या दोरीवर," बाई म्हणाल्या, "आजपासून एकटाच वाळेल तो."