शिंप्याच्या मोज्यातला मोबाईल

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. नवा होतो तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती, की लोक माझ्यात बघून भांग पाडत. पुढे काचेला तडा गेला, बॅटरी थकली आणि मी कपाटात जाऊन पडलो.

मग घरातल्या शिंपीआजोबांना हृदयविकाराचा झटका आला. ते दवाखान्यातून परतले आणि मला पुन्हा काम मिळालं. "रोज सपाट रस्त्यावर थोडं चाला, झेपेल तसं वाढवू," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या मुलीने माझ्यात चालणं मोजणारं ॲप घातलं. आजोबा चालले की हिरवी खूण उमटायची आणि ती तिला ऑफिसात तिच्या मोबाईलवर दिसायची. तेव्हा कुठे तिच्या घशाखाली घास उतरायचा.

पण आजोबा चालतच नव्हते! ती बाहेर पडली की ते मला मोज्यात खोचत आणि शिलाई मशीनवर बसून पायडल मारत. पाय हलला की मी पाऊल मोजायचो, वर 'शाब्बास!' म्हणायचो. आता हे खोटं चालणं बघून डॉक्टर उद्या चढ चढायला सांगतील, या काळजीने मी तापायचो. पण सांगणार कसा?

मुलगी मात्र डोळ्यांत तेल घालून बघणारी. पावलं वाढताहेत, पण ॲपच्या नकाशातला ठिपका घरातून हलत नाही, हे तिने एका दुपारी हेरलं. तिने फोन केला. आजोबांनी मला मोज्यातून ओढेपर्यंत रिंग संपली. ती धावतच घरी आली.

"बाबा, फोन का नाही उचललात? जीव गेला असता माझा!"

"अगं, मोज्यात होता."

"मोज्यात?" तिने पायडलकडे बघितलं, मग त्यांच्या पायाकडे. "म्हणजे रोज हेच?"

"भीती वाटते गं. रस्त्यात कळ आली तर?"

"मग मला सांगायचं ना!"

"तूच इतकी घाबरलेली. तुला काय सांगू?"

तिने त्यांच्या चपला पुढे ठेवल्या. डोळे पुसून म्हणाली, "चला, उठा. दोघं घाबरतच जाऊ."

आजोबा तिचा दंड धरून निघाले. औषधांच्या दुकानापाशी थांबले.

"दुखतंय का?"

"नाही. दम खातोय. तूही श्वास घे, केव्हाचा धरून ठेवलायस."

तिथूनच दोघं परतली. घरी येताच तिने डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं.

मित्रांनो, मला पावलं मोजता येतात, भीती मोजता येत नाही. तुमच्या घरी कुणी दुखण्यातून उठलं असेल, तर मला जरूर सोबत न्या. पण शेजारी चालत विचारा, "कसं वाटतंय?" आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे बघू नका.