बाबांचा चौथा धडा

बाबा वायरमन. स्वयंपाकघरात बसून त्यांनी वायरिंगचे धडे रेकॉर्ड केले आणि 'कुणीही घ्या, हवे तसे बदला' असं लिहून फुकट नेटवर टाकले. पुढे ती साईटच बंद पडली.

बाबा गेल्यावर मी घरबसल्या वायरिंगचाच कोर्स घेतला. मोफत धडे शोधताना एका भलत्याच पानावर चक्क बाबांचा आवाज ऐकू आला! धावत जाऊन आईला आणलं. ती फोनला कान लावून बसली.

"यात माझी हाक कुठंय गं?"

चौथ्या धड्यात तिने मध्येच त्यांना जेवायला हाक मारली होती. कुणा शहाण्याने तेवढा भागच कापून टाकला होता. माझं डोकंच फिरलं. पण भांडणार कुणाशी? परवानगी बाबांचीच.

आई हळूच म्हणाली, "हाकेचं जाऊ दे. त्यावर ते 'आलोच' म्हणाले होते."