पाठकोऱ्या पानांवरची बाळे

मी एक जुना प्रिंटर आहे. सिंगापूरला वन-नॉर्थ भागातल्या एका कार्यालयात, चौथ्या मजल्यावर, पँट्रीच्या दाराशी मी अकरा वर्षे उभा आहे. येत्या शुक्रवारी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. मित्रांनो, जाण्याआधी माझी हकीकत तुम्हाला सांगून टाकतो. ती गोड नाही. तिच्यातला एक भाग आठवला की मला अजून शिसारी येते. पण सांगण्यासारखा तोच भाग आहे.

माझी जुळणी शेजारच्या मलेशियात, जोहोरमधल्या एका कारखान्यात झाली. समुद्रावरचा पूल ओलांडून मी लॉरीतून इकडे आलो. माझ्या पोटात शाईचे चार डबे असतात: काळा, निळा, पिवळा आणि किरमिजी. उरलेले सगळे रंग मी या चारांतून तयार करतो. हिरवा हवा असेल तर निळा आणि पिवळा. लाल हवा असेल तर किरमिजी आणि पिवळा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. माझा पहिला रंगीत नकाशा हातात घेऊन प्रबोध म्हणाला होता, "स्क्रीनपेक्षा छान आलाय." प्रबोध या कार्यालयाचा प्रमुख. मूळचा पुण्याचा, राहायला पासिर रिसला. स्वभावाने शांत, कामाला चोख, आणि कागदाच्या बाबतीत अतिशय काटकसरी. एका बाजूने कोरा राहिलेला कागद त्याच्या हातून कधी फाटला नाही. माझ्या दुसऱ्या ट्रेवर त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'फक्त पाठकोरे'. कार्यालयातली सिति मलेय, तिला मराठी येत नव्हते. पण त्या चिठ्ठीचा अर्थ तिला पाठ होता. पहिला ट्रे संपला की मी आपोआप दुसऱ्यातून कागद ओढावा, ही सोयही प्रबोधनेच करून ठेवली होती. काम अडायला नको, एवढाच त्याचा हेतू.

खरे सांगतो, पाठकोरे कागद मला आवडत नसत. एकदा तापून गेलेला कागद वळतो, अडकतो, माझी रबरी चाके झिजवतो. पण त्यांच्यामुळे मला वाचायला मिळे. प्रबोध घरून मुलीच्या, चैत्रालीच्या, शाळेचे जुने सरावकागदही आणत असे. एका कागदावर तिने न येणाऱ्या प्रश्नाला काहीतरी ठोकून उत्तर लिहिले होते आणि बाईंनी लाल पेनने शेरा दिला होता, अंदाज करू नकोस. शाळेला सुट्टी असताना चैत्राली एकदा इथे आली, तेव्हा बापलेकीचे बोलणे मी ऐकले.

"कोरं का सोडलंस?" प्रबोधने विचारले.

"डोन्ट नो, दॅट्स व्हाय. डोन्ट नो देन लीव्ह लाह, बाबा."

"कोरं सोडायचं नाही. काहीतरी लिहायचं. अर्धा मार्क तरी मिळतो. आम्ही असेच वर आलो."

तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. घराघरात हेच सांगतात.

आमच्या कार्यालयाचे काम तुलना करण्याचे. गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका संस्थेचे मोठे काम आले. अमेरिकेची पन्नास राज्ये आरोग्यात आणि शिक्षणात एकमेकांच्या तुलनेत कुठे आहेत, हे जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे घेऊन दाखवायचे होते. एक वर्षाच्या आत किती बाळे दगावतात, किती मुले शाळा अर्ध्यावर सोडतात, असे ते आकडे. तळाच्या राज्यांत ही संस्था आई-बाळांसाठी फिरते दवाखाने आणि शाळांसाठी नर्स पाठवणार होती. म्हणजे माझ्यातून जे राज्य लाल होऊन निघेल तिकडे गाड्या जाणार, आणि जे हिरवे निघेल तिकडे जाणार नाहीत. मी तीन महिने नकाशे छापले. एकाच देशात, नुसती राज्याची रेषा ओलांडली की बाळाच्या वाट्याला येणारी वर्षे कमी होतात, हे छापताना मला कसेसेच होई. पण ती किळस नव्हती. ती पुढे आली.

हे काम अनघाकडे होते. मुंबईची मुलगी, तिशीतली, कमी बोलणारी. एका दुपारी ती एक तक्ता घेऊन माझ्याशेजारी उभ्या असलेल्या प्रबोधकडे आली. तिच्या टेबलाशेजारचा रुचिरही कॉफी घ्यायला आला होता.

"सर, हे दक्षिणेकडचं राज्य एकदम हिरवं झालंय. सकाळी लाल होतं," ती म्हणाली.

त्या राज्याचे नाव मी घेणार नाही. चूक राज्याची नव्हती. पण अनघाचे म्हणणे बरोबर होते, ते माझ्या डब्यांनाही ठाऊक होते. सकाळी त्या राज्यासाठी माझी किरमिजी शाई खर्ची पडली होती. दुपारी निळी पडली.

"मी रिकाम्या जागा भरल्या," प्रबोध म्हणाला. "नकाशाला नुसती भोकं पडली होती, अगं. अर्धे जिल्हे पांढरे. असा नकाशा कोण बघणार?"

"कशाने भरल्या?"

"शून्याने."

 अनघाने अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. "सर, जिल्ह्यात दहापेक्षा कमी बाळं गेली असली की तिकडचे सरकारी लोक आकडा झाकतात. छोटा जिल्हा असतो, घरं ओळखू येतात, म्हणून. शाळा सोडलेल्या मुलांचंही तसंच. झाकलंय म्हणजे कुणी गेलं नाही असं नाही."

"मग आता तिथे बाळं दगावत नाहीत आणि मुलं शाळा सोडत नाहीत," रुचिर कपात चमचा फिरवत म्हणाला. "आपणच जाऊया की राहायला."

"रुचिर, तू जा. तुला कुणी अडवलं नाही," प्रबोध म्हणाला.

अनघा हसली नाही. "राज्याचा एकूण आकडा वेगळा छापलेला असतो, तो मी काढला. तीनशे बारा बाळं. आपल्या जिल्ह्यांची बेरीज एकशे नव्वद येते. मधली एकशे बावीस बाळं कुठे गेली, सर?"

प्रबोधने तक्ता पाहिला. त्याला सगळे समजले होते, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून सांगतो. "हे बघ," तो म्हणाला, "या राज्यात त्यांच्या संस्थेने आधीच काम केलंय. सुधारणा झाली असं ते गावभर सांगून बसलेत. आपण हिरवं दाखवलं तर त्यांना आनंदच आहे. पुढचं काम आपल्याकडेच येईल."

"आणि गाड्या?"

"गाड्या दुसरीकडे जातील. कुठेतरी जातीलच ना."

मग त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि अगदी घरगुती आवाजात विचारले, "तुझ्या पासचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे ना?"

"हो."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

मित्रांनो, माझ्यातून उंदराचे मेलेले पिल्लू निघाले होते एकदा. पण त्याची मला इतकी घाण वाटली नव्हती. माझ्यावर हात ठेवून ते वाक्य बोलले गेले, आणि मला तो हात झटकता येईना. परक्या देशात नोकरीच्या पासवर राहणाऱ्या माणसाला असे सहज विचारणे म्हणजे काय, हे या कार्यालयात सगळ्यांना कळते. रुचिर कॉफी न घेताच निघून गेला.

अनघाने त्या दिवशी एक टिपण लिहिले. सतरा पाने, रिकामे जिल्हे रिकामे ठेवलेला नकाशा, आणि दुसऱ्या पानावर ती बेरीज. खाली एकच ओळ इंग्रजीत: ही १२२ बाळे आमच्या नकाशात नाहीत. मी ते छापले. ते तिने प्रबोधच्या टेबलावर ठेवले. संध्याकाळी प्रबोध ते घेऊन माझ्याकडे आला. त्याने उभ्याउभ्या वाचले, बेरजेवर पेन्सिलने तिरपी फुली मारली, आणि टिपण फाडून टाकण्यासाठी हात उचलला.

पण पाने मागून कोरी होती. सतराच्या सतरा.

त्याने पिना काढल्या, पाने हाताने सारखी केली आणि माझ्या दुसऱ्या ट्रेमध्ये नीट रचून ठेवली. मग दिवा मालवून तो पासिर रिसच्या गाडीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या बाई यायच्या होत्या. उतारवयाच्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांना पडद्यावर वाचवत नसे, म्हणून त्यांच्यापुरती एक छापील प्रत काढायची होती. शेहेचाळीस पाने. एकोणतीस पाने झाली आणि माझा पहिला ट्रे रिकामा झाला. मी थांबलो नाही. मला थांबायला कुणी सांगितलेच नव्हते. मी दुसऱ्या ट्रेमधून ओढू लागलो.

गठ्ठा उचलला तो सितिने. तिने पाने चाळली आणि अनघाला हाक मारली. "अनघा, बॅक साइड गॉट प्रिंटिंग. ट्रे वन फिनिश अल्रेडी. चेंज ऑर नॉट?"

अनघाने पाने हातात घेतली. तिचेच टिपण, त्यावर ती फुली, आणि उलट बाजूला हिरवे राज्य. काचेच्या खोलीतून प्रबोध म्हणाला, "झालं का, अनघा? बाई बसल्यात."

कोऱ्या कागदाची रीम माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात होती. सतरा पाने पुन्हा छापायला मला दोन मिनिटेही लागली नसती. ती त्या रीमकडे पाहत होती, हे मी पाहिले. तिच्या अंगठ्याखाली कागद थोडा चुरगळला.

"नो चेंज," ती म्हणाली, आणि पिन मारून प्रत आत घेऊन गेली.

खोलीचे दार आतल्या एसीच्या गारठ्यामुळे अर्धे उघडेच असे. बाईंनी चहा घेतला, पाने उलटली, मधूनमधून मान डोलावली. हिरव्या राज्याशी त्या खूश होऊन थांबल्या. मग पान उलटताना त्यांची बोटे अडखळली. त्यांनी चष्मा वर केला आणि मागची बाजू वाचली. पुन्हा पुढची. पुन्हा मागची.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले. सगळे इंग्रजीत चालले होते, मी मराठीत सांगतो.

"जुना मसुदा," प्रबोध म्हणाला. "आम्ही कागद वाया घालवत नाही. माफ करा, कोरी प्रत देतो."

"राहू द्या. यातली बेरीज कुठली खरी?"

प्रबोधने अनघाकडे पाहिले. "अनघा सांगेल," तो म्हणाला. त्याची खात्री होती. पुढचा महिना त्याच्या खिशात होता.

"मागची," अनघा म्हणाली.

 बाईंनी फुलीवर बोट ठेवले. "आणि हे कुणी केलं?"

 उत्तराची गरज नव्हती. पेन्सिल प्रबोधच्या हातात होती.

त्या दुपारी अहवाल पुन्हा छापला गेला, झाकलेले जिल्हे पांढरे ठेवून आणि राज्याच्या खऱ्या बेरजेसह. ते राज्य पुन्हा लाल झाले. शेवटच्या नकाशावर माझी किरमिजी शाई संपत आली, रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरला. बाई म्हणाल्या, चालेल. सहा महिन्यांनी रुचिर सितिला सांगत होता, की फिरत्या दवाखान्यांच्या यादीत ते राज्य आले.

अनघाचा पास कंपनीने पुढे चालवला नाही. कारण विचारले तर सांगायला कारणे पुष्कळ असतात. तिला हार्बरफ्रंटला जहाजांच्या एका कचेरीत काम मिळाले, पण मधले पाच आठवडे तिने कसे काढले ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. सामान न्यायला आली तेव्हा रुचिरने विचारले, "काय मोजतेस तिकडे?"

"कंटेनर," ती म्हणाली. "रिकामा असला तर रिकामा लिहितात. बरं वाटतं."

आणि प्रबोध? तुम्हाला वाटेल तो बदलला. दुसऱ्याच सोमवारी त्याने माझ्या ट्रेवरची 'फक्त पाठकोरे' ही चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि कागद फाडायचे एक नवे यंत्र आणून माझ्याशेजारी ठेवले. आता एका बाजूला छापलेले प्रत्येक पान त्यात जाते. आयुष्यभर एक कागद न फाडणारा माणूस रोज उभा राहून शेकडो पानांच्या शेवया करतो. एवढ्या सगळ्यातून तो इतकेच शिकला. मला त्याचा राग येत नाही, रागाला थोडी आपुलकी लागते. तो जवळ आला की मला नुसती किळस येते.

हल्ली छपाईला दुसरा नवा प्रिंटर आला आहे, माझ्याकडे कुणी फिरकत नाही. झाकणावर धूळ आहे, डाव्या चाकात कागदाचा एक कपटा अडकून राहिला आहे. तो काढला नाही तरी चालेल. पण मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्हीही उद्या तक्ते कराल, नकाशे रंगवाल. ज्या चौकटीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, ती चौकट कोरी सोडा. अर्धा मार्क गेला तर जाऊ द्या. तिथे कुणाचे तरी बाळ असू शकते. कोरी जागा वाईट दिसते, हे मीही जाणतो. दिसू द्या.